शिवण कुठल्या बाजूला

फसली तेराशे एक्कावन्न साल होतं आणि माझं वय तीस. मुंबईकडचे लोक त्याच सालाला एकेचाळीस-बेचाळीस म्हणायचे, पण आमच्या मुखेडच्या मुलखात निजामाचं राज्य, त्यामुळं कागदावर सन फसली आणि शाळेत भाषा उर्दू. त्या शाळेत मी दोन जमाती, म्हणजे दुसरीपर्यंत, शिकलो. मौलवीसाहेबांनी अलिफ-बे गिरवून घेतलं, तेवढ्यात वडील गेले आणि औत माझ्या हातात आलं. घरात मराठी, बाजारात मराठी, पण मराठी अक्षर म्हणाल तर एक येत नव्हतं. हे मी कुणाला सांगत नव्हतो. कुणी विचारलं, तर शाळेत गेलेला माणूस हाय मी, एवढंच सांगायचो. खोटं नव्हतं ते.

मुखेडच्या बाजारगल्लीत एका शिंप्याचं दुकान होतं. शिवणारा म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे. मशीनच्या मागं एक लाकडी कपाट, त्यात शे-सव्वाशे मराठी पुस्तकं. तेच आमच्या भागाचं वाचनालय. पाटी नव्हती. चार माणसं जमली तरी निजामाचे शिपाई परवानगी विचारायचे दिवस ते, म्हणून येणारा शिवायला आल्यासारखी हातात एखादी फाटकी बंडी घेऊन यायचा. वर्गणी नव्हती, नियम एकच. पुस्तक परत करताना त्यातलं काय कळलं ते चार माणसांत सांगायचं.

हस्ताचा पाऊस होऊन गेला होता, रब्बीची पेरणी तोंडावर होती आणि माझ्या जोडीतला तांबडा बैल लाळ्यानं बसला. तोंडातून लाळ, खुरांत जखमा, चारा तोंडात धरायचा आणि सोडून द्यायचा. जोडीतला एक बसला की दुसराही बसल्यासारखाच. मास्तरकडं ढोरांच्या आजाराचं एक पातळ पुस्तक आहे असं कानावर आलं होतं. मी गेलो.

"वाचता येतं ना, पाटील?" मास्तरनं विचारलं.

"शाळेत गेलेला माणूस हाय मी."

त्यानं पुस्तक दिलं. घरी येऊन मी ते उघडलं. लाळ्याची चार चित्रं होती, दोन पानांवर. पहिल्या चित्रात बैल उभा, वैरण खातोय. दुसऱ्यात त्याचे पाय धुताहेत. तिसऱ्यात कशाच्या तरी पाण्यानं तोंड धुताहेत. चौथ्यात बैल आडवा, तोंडाला फेस. मी पुस्तक मिटलं. आमची मंडळी म्हणाली, "काय लिवलंय?"

म्हटलं, "धडधाकट बैलाला आडवं कसं करावं ते लिवलंय."

पुढचा बाजार येईपर्यंत तांबड्याला मी काहीच केलं नाही. बाजारादिवशी मास्तरच्या दुकानात पाच-सहा जण बसले होते. मी पुस्तक मशीनवर आपटलं. "मास्तर, हे कपाटात ठेवू नका. बैलाच्या जिवावर उठलंय."

"कसं काय?"

मी उघडून चित्रांवर बोट ठेवत दाखवलं. हा उभा, हे पाय धुतले, हे तोंड धुतलं, हा मेला. दुकानात एक तंबाखूवाला बसलेला, जिभेनं तिखट. तो म्हणाला, "पाटील, तुमच्या घरी जेवायला आधी ढेकर वाढतात का हो?"

सगळे हसले. मला का हसले तेही कळलं नाही, हे जास्त लागलं. एकटा मास्तर हसला नाही. त्यानं पुस्तक हातात घेतलं, कापड तपासावं तसं अंगठ्यानं चाचपलं.

"मौलवीसाहेबांच्या शाळेतला माणूस उजवीकडूनच उघडणार. त्यांची रीत तीच हाय. पण शिवण बघा, पाटील. उर्दू पुस्तकाची शिवण उजव्या हाताला, ह्याची डाव्या. कापडाला जशी सुलट बाजू असती, तशी." त्यानं डावीकडून सुरू करून आधी आडव्या बैलाखालची ओळ वाचली, मग तिच्या पुढची. तुरटीच्या पाण्यानं तोंड धुवावं.

मी उठलो. "ठेवा तुमचं पुस्तक."

"तुमचं सांगणं अजून झालं न्हाई. पुस्तक तुमच्याच नावावर हाय," मास्तर म्हणाला. मी गावाची वाट धरली.

ओढ्यापर्यंत रागात आलो. तिथं पाणी पिताना ध्यानात आलं की तोंडाचं कळलं, पायाचं कुठं कळलंय? तो खुरांनीच तर बसलाय. माझा हेका सगळ्या गावाला ठाऊक होता, पण त्याची शिक्षा तांबड्याला का? मी माघारी फिरलो.

तंबाखूवाला अजून तिथंच. "काय पाटील, ढेकर विसरला का?"

"तुरटी राहिली होती," मी म्हणालो, आणि शेजारच्या वाण्याकडून खरंच तुरटी घेतली. मग मास्तरपुढं जाऊन बसलो. "पायाचं वाचा," म्हटलं. "आणि अक्षरं कुठून लागतात तेही दाखवा."

त्यानं काळ्या कापडाचा तुकडा पसरला आणि मापाच्या खडूनं 'बैल' लिहिलं. डावीकडून. पुढं दर बाजारी त्याच कापडावर चार-पाच अक्षरं काढायचा आणि झटकून टाकायचा. मला सरळ वाचता यायला दीड वर्ष लागलं, आणि कपाटातली निम्मी पुस्तकं तरी मी संपवली. आता आमच्या गावच्या ग्रंथालयात सरकारचा कागद येतो, माणसानं जन्मभर शिकत राहावं म्हणून. चांगलं आहे. पण त्या कागदाला एक विचारावंसं वाटतं, तिशीच्या हेकट माणसाला न हसता शिवण दाखवणारा कुणी तिथं बसवलाय का? नुसत्या कपाटानं मी शिकलो नसतो.

पेरणी आठ दिवस उशिरा झाली, पण त्याच जोडीनं झाली. मात्र बाजाराच्या त्या संध्याकाळी ते काही ठाऊक नव्हतं. पुस्तक बंडीत घालून मी घरी आलो, मंडळीला खुरांसाठी कडुलिंबाचा पाला काढून ठेवायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शिंगं धरली, मी तुरटीच्या पाण्यानं तांबड्याचं तोंड धुतलं आणि पाला उकळलेल्या पाण्यानं चारी खुरं. मग हात पुसले, गोठ्यात त्याच्याजवळच बसलो, पुस्तकाची शिवण डाव्या हाताला धरली आणि आडव्या बैलाखालच्या ओळीत 'ब' कुठं आहे ते शोधू लागलो.