थंडी वाजते

आमच्या ऑफिसातल्या सावंतबाई भर मे महिन्यातही खुर्चीला शाल अडकवून ठेवतात. काल दुपारी त्या म्हणाल्या, "अहो, एसी जरा कमी करा ना." रिमोट माझ्याकडेच असतो. मी लगेच चोवीसचा आकडा वीसवर आणला. थोड्या वेळानं पाहिलं, तर बाईंनी शाल कानांवरून घेतलेली. त्यांना गारवा कमी हवा होता आणि मी आकडा कमी केला होता.

"मग सांगायचं नाही का?" मी ओशाळून विचारलं.

"दर वेळी काय सांगायचं? तुम्ही विचारणार, महाबळेश्वरला निघालात का?" बाई शांतपणे म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, रक्त कमी आहे. थायरॉईडही तपासायला सांगितलंय."

मी सव्वीस केलं. भिंतीवरचा आकडा सगळ्यांना सारखाच दिसतो, पण त्याच खोलीत कुणाला उकडतं, कुणाला थंडी वाजते. वाजते म्हणतो खरं, पण ती ज्याची त्यालाच ऐकू येते. शेजारच्या टेबलावर बसून सहा वर्षांत मला ती ऐकू आली नाही. माझे विनोद मात्र बाईंना रोज ऐकू येत होते.