काजळ लावलेली पुंगळी

मी नेमबाजी शिकलो ती रघूकाकांमुळे. डोळे अधू झाल्यावर त्यांनी आपली रायफलही नवी नळी बसवून माझ्या हाती दिली.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी तंजावूरच्या क्लबात पाहतो, तर काकांनी डायमधून, म्हणजे माप देणाऱ्या साच्यातून, काढून पुन्हा मापात आणलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या नव्या नळीत शिरेनात. स्पर्धा हुकणार म्हणून मी जोर लावू लागलो.

"रुसलेल्या जावयासारखं आत काय ढकलतोस, तंबी?" शेजारी सराव करणाऱ्या बाई आमच्याच तंजावुरी मराठीत, धाकट्या भावाला हाक मारावी तशा म्हणाल्या. केसांत मोगरा, खांद्याला रायफल. त्यांनी पर्समधलं काजळ पुंगळीला फासलं, ती हलकेच आत घालून बाहेर काढली. पुंगळीच्या गळ्याखालच्या उतारावरचं काजळ पुसलं गेलं होतं.

"नळी नवी दिसते, डाय जुन्या नळीच्या मापाला लावलेली आहे. हा उतार अजून जरा मागं बसव. जोर नको, कुठं घासतं ते आधी बघ."

सोबत आणलेली काकांची डाय मी किंचित खाली फिरवली, पुंगळी पुन्हा तिच्यातून काढली आणि ती नळीत अलगद बसली. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

एसटीडी बूथ समोर होता, पण फोनवर चूक काढल्यासारखं झालं असतं, म्हणून काकांना पत्रच लिहिलं:

"काका, हे मिळेल तोवर तुमची रायफल स्पर्धेत बोलून गेली असेल. नळी चांगली आहे, तुमचं कामही. पुंगळ्या तेवढ्या जुन्या नळीच्या मापाच्या होत्या. डाय थोडी फिरवली आहे. पण तिच्यावर तुमच्या मापाच्या जागी काजळाची खूण करून ठेवली आहे."