तुळशीजवळचं पाचवं भांडं

खामगावच्या हवेत किती काजळी आहे हे मोजायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं होतं. कोणी मागे लागलं नव्हतं. मी हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवत होतो, शाळेत बरा तराजू होता, आणि नागपूरला ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या प्राध्यापकांनी एकदा पत्रात लिहिलं होतं की कापसाच्या गावातली हवा कोणी मोजलेली नाही. तेवढं पुरे झालं. त्या वयात मी स्वतःला फार शहाणा समजत असे, आणि ती समजूत मोडायला घरात वडीलधारं कोणी नव्हतं.

पद्धत साधी होती. रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात शुद्ध पाणी भरून ते उघड्यावर ठेवायचं. आठवडाभर हवेतून जे काही पडेल ते पाण्यात साठतं. रविवारी ते पाणी गाळायचं, गाळणीचा कागद वाळवायचा आणि तोलायचा. कागदावर उरलेलं काळं ते गावाच्या हवेतलं. खाली गाळून आलेलं पाणी मी फेकून देत असे.

अशी पाच भांडी होती. एक शाळेच्या गच्चीवर, एक पोस्टाच्या आवारात, एक स्टेशनात, एक तेलाच्या व्यापाऱ्याच्या माडीवर आणि पाचवं आमच्या अंगणात, तुळशीच्या कट्ट्यावर. पहिल्या चार ठिकाणी मी स्वतः जाऊन बजावलं होतं. याला हात लावू नका, पाणी सांडू नका, आटलं तर भर घालू नका, भर मीच घालीन. स्टेशनमास्तरांनी तर भांड्याभोवती जाळी ठोकून घेतली. व्यापाऱ्याने आपल्या सुनांना माझ्यादेखत दम भरला, म्हणजे मला अवघडल्यासारखं झालं, पण भांडं सुरक्षित राहिलं. घरी मी ते कट्ट्यावर ठेवलं आणि शाळेत निघून गेलो.

आमचं बिऱ्हाड जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, मागच्या भिंतीला लागून होतं. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागायच्या, भोंगा सुरू व्हायचा, आणि मग शिमग्यापर्यंत घरात बोलायचं ते जरा मोठ्यानेच. शेजारी पिंजाऱ्याचं घर होतं. त्यांची म्हातारी, तिला आम्ही चाची म्हणायचो, पिंजताना तोंडाला फडकं बांधून बसायची आणि माझ्या बायकोलाही बांधायला सांगायची. बायको हसायची. ती बुलढाण्याजवळच्या देऊळघाटची, तिकडे वर पठारावर असली हवा नाही, तिला तोंड बांधायची सवय नव्हती.

पहिल्याच हंगामात पाचवा कागद जवळजवळ पांढरा निघाला. जरासा राखाडी, बस. बाकीचे चारही काळे. मी चकित झालो, आणि चकित झाल्याबद्दल खूशही झालो. जिनाच्या भिंतीला लागून सगळ्यात स्वच्छ हवा! मी विचार केला आणि उत्तर काढलं: धुराडं उंच आहे, त्यामुळे धूर आमच्या डोक्यावरून जातो आणि लांब जाऊन पडतो. दोन पानं भरून हे नागपूरला कळवलं. प्राध्यापकांनी शाबासकी दिली. आमच्या भांड्यातलं पाणी फारसं आटतही नसे, त्याचं कारण मी तुळशीची सावली असं लिहिलं होतं. दोन मंजिऱ्या आणि वीतभर पानं, त्यांची सावली.

दुसऱ्या हंगामात बायकोला खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. पायरी चढताना धाप लागायची. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, जिनं बंद होईपर्यंत हिला माहेरी पाठवा, बुलढाण्याकडची हवा मानवेल. औषध त्यांनी दिलं, पण भर माहेरावर होता.

संध्याकाळी भाकरी करताना तिने विचारलं, "मंग मी देऊळघाटले जाऊ काय?"

मी म्हणालो, "इथल्या हवेनं नाही होऊन राह्यलं ते. म्या मोजली हाय हवा."

"वायत घातलेल्या लुगड्यावर रोज काये ठिपके पडतेत जी."

"डोयानं पाहून काही समजत नाही. वजन करा लागते."

आणि मी आत जाऊन त्या आठवड्याचा कागद घेऊन आलो. तिच्यासमोर धरला. "हे पाय. साऱ्या गावात आपल्याच घरचा कागद पांढरा हाय."

तिने हात पुसले, कागद दोन बोटांत धरला आणि चुलीच्या उजेडात उलटसुलट पाहिला. तिचा चेहरा एकदम खुलला. "साऱ्या गावात?"

"साऱ्या गावात."

"मंग बरं झालं," ती म्हणाली, आणि माहेरचा विषय पुन्हा तिने काढला नाही. मला वाटलं, पटलं. आपल्या बायकोला शास्त्र पटलं याचं मला कौतुक वाटलं, तेही सांगून टाकतो.

माघ संपता संपता ती गेली. दुपारी, मी वर्गात होतो. शिपाई दारात येऊन उभा राहिला, मी त्याला हातानेच थांबायला सांगितलं आणि फळ्यावरचं समीकरण पुरं केलं. मग खडू ठेवला. घरी आलो तेव्हा चाची तिच्या उशाशी बसली होती. देऊळघाटची माणसं दुसऱ्या दिवशी आली. सासऱ्यांनी मला चार शब्द सुनवायला हवे होते असं नंतर वाटलं, तेव्हा काहीच वाटत नव्हतं. लोक म्हणाले, मास्तर खंबीर आहेत. खंबीर वगैरे काही नव्हतो. पाय बधिर झाला की चिमटा घेतला तरी कळत नाही, तसं होतं ते, आणि ते बरेच महिने राहिलं. जेवायचो, शिकवायचो, भोंग्यावर घड्याळ लावायचो.

पुढच्या दिवाळीनंतर नागपूरहून पत्र आलं की तिसऱ्या हंगामाच्या नोंदी पाठवाव्यात. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, कामाचा कोणताही कागद नागपूरला जायचा, माझेही गेले. मी पाच भांडी धुतली, भरली, जागच्या जागी ठेवली. पाचवं कट्ट्यावर. तुळस वाळली होती. पाणी घालायचं माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

रविवारी पाहिलं तर पाणी निम्म्याच्या खाली गेलं होतं आणि वर काळी साय धरली होती. गाळलं. कागद काळाकुट्ट, स्टेशनपेक्षाही काळा. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की यंदा वारा फिरला असावा. हे मी आज लिहितो आहे कारण ते खरं आहे. वारा फिरला असावा, असं पेन्सिलीने मी वहीत लिहिलंसुद्धा. मग बाकीचे चार कागद तोलले. ते होते तसेच होते. वारा फिरला नव्हता.

मी भांडं हातात घेऊन अंगणात उभा होतो. भिंतीपलीकडून चाचीने पाहिलं.

"आता कोन बदलवन त्याचं पानी, मास्तर?" ती म्हणाली. "थे होती तं रोज सकायी आंग धुतलं का पह्यले थे भांडं रिकामं करे, घासे, अन् हिरीचं ताजं पानी भरे. तुयशीपाशी शियं पानी ठेवत नाई म्हने. ह्यायच्या कामाचं भांडं हाय, साफ दिसलं पायजे म्हने. खोकत खोकत पानी काढे, म्या किती डाव रागावली तिले."

"रोज?"

"रोज. शेवटच्या आठवड्यात मलेच भरा लावलं तिनं."

मी आत आलो. आमच्या विहिरीचं पाणी जड आहे, त्या पाण्याने सगळ्या आळीतल्या पातेल्यांना पांढरा थर बसतो; मी भरायचो त्या शुद्ध पाण्याचा बसत नाही. फेकून दिलेलं पाणी एकदा जरी आटवून पाहिलं असतं तरी तळाला तो थर दिसला असता आणि पहिल्याच रविवारी मला कळलं असतं. वर्गातल्या मुलांना मी दरवर्षी हेच शिकवतो, की गाळलेलं पाणी फेकू नका, आधी आटवून पाहा.

पण मला ते पाणी आठवत नाही. मला चुलीपुढे कागद उलटसुलट करणारी ती आठवते. मी तिला हवा दाखवत होतो. तिला वाटलं, तिचं रोजचं घासणं माझ्या नजरेला आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या कामाबद्दल बोललो असं तिला वाटलं, आणि तेवढ्यावर ती माहेरी जायची राहिली. तेव्हा मी रडलो. नऊ महिन्यांनी, गाळणीचा कागद हातात घेऊन. फार वेळ नाही.

नागपूरला मी कळवलं: पाचव्या ठिकाणच्या आधीच्या सर्व नोंदी रद्द समजाव्यात, पाणी रोज बदललं जात होतं. उलट टपाली प्राध्यापकांचा प्रश्न आला, देखरेख ठेवणाऱ्याला सूचना दिल्या नव्हत्या काय? प्रश्न रास्त होता. मी कार्डावर उत्तर लिहिलं आणि शाळेत जाता जाता पोस्टात टाकलं. चार ठिकाणी दिल्या होत्या. घरी सांगायचं राहिलं.