नरम गाठ

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या नवऱ्याच्या किडनीतल्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवला होता. हा नेहमीचा कॅन्सर दिसत नाही, तुकड्याला वेगवेगळे रंग लावून पाहतील, नाव कळलं की औषध ठरवू, असं त्या म्हणाल्या होत्या. त्यानंतरचे आठ दिवस निळे, तांबडे, पातळ तुकडे पाण्यावर तरंगावेत तसे माझ्या डोळ्यांपुढे तरंगत राहिले.

रिपोर्ट आला. बाई आम्हा दोघांना म्हणाल्या, "हा नरम मांसातून उठलेला कॅन्सर आहे. किडनीत क्वचितच होतो. औषध वेगळं द्यावं लागेल."

आमच्याकडे ताप उतरू लागला की नरम पडला म्हणतात. मी लाजेनं काही विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर कपाशी मागं सरकत होती आणि मीही तिच्यासारखी हलकी झाले होते.

"नरम हाय म्हणते. लवकर बरं वाटन तुमाले," मी म्हटलं.

ते हसले. "येडे, मांस नरम हाय, रोग नाही. मले तवाच समजलं."

"मंग बोलले काहून नाही?"

"तू किती दिवसांनी हसून राहिली होती."

भरल्या बसमध्ये मी त्यांचा हात धरला. आमचं उतरायचं बडनेरा आलं तरी सोडला नाही.