तेलाचा अंगठा उमटलेलं पत्रक
काल जुन्या गठ्ठ्यात तेलाचा अंगठा उमटलेलं माझंच पत्रक सापडलं. बऱ्याच वर्षांपूर्वी सुपे गावातले एक गॅरेजवाले मिस्त्रीकाका शर्यतीच्या गाडीत जुन्या मॉडेलचा पिस्टन बसवताना दिसले, नवा शेजारीच असताना. ‘जुना माल खपवणारा चोर’ असं मी काही न विचारता छापलं आणि बाजारभर वाटलं. काकांनी ते तेलकट हातांनी धरून वाचलं, मला परत केलं आणि दोन्ही पिस्टन माझ्या हातात दिले. “बघा लेखकराव, नव्याचं डोकं उंच हाय. गाडी पयल्या मॉडेलची. ह्यो टाकला तर वॉल्व्हला धडकंल, इंजिनच जाईल. इचारायचं तरी हुतं.” तोवर गिऱ्हाईकं तुटली होती. पुढे ते दुसऱ्याच्या गॅरेजात गाड्या धुताना दिसले, तेव्हा मी रस्ता बदलला. त्यानंतर मी अन्यायाविरुद्ध पुष्कळ पत्रकं काढली. माझ्या चुकीचं मात्र अजून एकही काढलं नाही.