दोन कोंबड्यांची तपकीर

ओळखीचे एक तपकीरवाले होते; डबी पुढे करायचे आणि चिमूट माझ्या नाकात गेली की तोंडाकडे बघत राहायचे. "शिंकला न्हाईत ना, भाऊसाहेब?" तपकीर विकणाऱ्यानं शिंकेला भ्यावं, असा माणूस तुम्ही तरी पाहिलाय का?

नगरच्या कोर्टाबाहेर मी टाइपरायटर घेऊन बसायचो. ते मिरजगावहून एसटीनं यायचे. त्यांच्या डबीवर दोन झुंजणाऱ्या कोंबड्यांचं चित्र असे. "नाव कोन वाचतंय? कोंबडे बघून घेत्यात," म्हणायचे. खरंच होतं ते. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायका चित्र बघूनच डबी उचलायच्या.

एकदा आले ते डबी पुढे न करताच बसले. बाजारात एका परक्या माणसानं त्यांची डबी घेतली होती. "त्यानं उघडलीच न्हाई. नुसतं चित्र बघत हुता."

मला ते ऐकून बरं वाटलं नाही. चित्र मुंबईच्या ट्रेडमार्क कचेरीत आपल्या नावावर नोंदवून टाका, असं मी सुचवलं. लगेच अर्ज टाइप केला, लेबलं चिकटवली. खुशीत येऊन त्यांनी डबी पुढे केली. मी चिमूट ओढली, त्यांनी सहीला पेन टेकवलं आणि मी शिंकलो.

त्यांनी पेन उचललं. दुसरी शिंक आली तर दोष जातो म्हणून आम्ही दोघं वाट बघत बसलो. ती काही येईना. अहो, तुमच्याच तपकिरीची शिंक, तिचा कसला अपशकुन, असं मी समजावून पाहिलं.

"रोज वढता की. आजच का आली?"

सही न होताच अर्ज त्यांच्या पिशवीत गेला. दोन दिवसांनी पितृपक्ष लागला. पुढे अर्ज घेऊन निघाले त्या दिवशी मांजर आडवं गेलं. मी आपला हसायचो. तोवर खडीच्या कामांवर दुसऱ्याच कुणाच्या डब्या दिसू लागल्या, कोंबडे मात्र तेच.

दीडेक वर्षानं ते वकिलाची नोटीस घेऊन आले. चित्र त्या परक्याच्या नावावर नोंदलं गेलं होतं आणि यांनी ते वापरणं बंद करायचं होतं. त्याच्या अर्जाची तारीख मी वाचून दाखवली. ते बोटांवर दिवस मोजत राहिले.

"पितरांत अर्ज केला व्हय त्यानं? आन् तरी लाभलं?"

तुमचा वापर जुना आहे, भांडता येईल, असं मी परोपरीनं सांगितलं. "शिंक झाल्ती," एवढंच म्हणाले आणि डबी टेबलावर ठेवून गेले. पुन्हा आले नाहीत.

ती डबी अजून माझ्या खणात आहे. चित्र त्यांनी नखानं खरवडून टाकलेलं, एका कोंबड्याचा पाय तेवढा राहिलाय. शकुन-अपशकुन मी मानत नाही. पण समोर कुणी सहीला पेन टेकवलं, की मी श्वास धरून बसतो.