अण्णांची पाठ

"तू दाखव ना गं. तुझ्या अंगातच असेल ते."

आमचा दिग्दर्शक शिरीषदादा हे सगळ्यांसमोर म्हणाला. सिडनीत, गिरावीनच्या हॉलमध्ये, शनिवारी आरवोच्या, म्हणजे दुपारच्या तालमीत. आमचा मराठी ग्रुप एक नवं कोरियन नाटक मराठीत बसवत होता. कल्चरल एक्स्चेंज. बदल्यात इथलाच एक कोरियन ग्रुप आपलं एक मराठी नाटक त्यांच्या भाषेत करणार. इंग्रजीवरून भाषांतर माझं. नाटक एका खाटकाचं. कोरियातही खाटकांची वस्ती गावाबाहेर असायची म्हणे. म्हणे कसलं! मला त्यातलं एकेक घर ओळखू येत होतं.

जमीनदारासमोर खाटीक कसा उभा राहील, ते आमच्या हिरोला जमेना. आयटीतला पोरगा, पुण्यात डेक्कनला वाढलेला. कुणापुढे वाकायची वेळच आली नव्हती त्याच्यावर. मग दादाला माझं आडनाव आठवलं. मी ग्रुपमध्ये आले तेव्हा त्याने ते दोनदा विचारून घेतलं होतं.

मी उठले. का उठले, कोण जाणे. चपला काढल्या, पाठीमागे धरल्या. खांदे पडले. मान खाली. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझे वडील, अण्णा, गावी पाटलाच्या ओट्यापुढे असे उभे राहायचे. अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली. भर सिडनीत ते माझ्या अंगात आले.

टाळ्या पडल्या. "परफेक्ट! हे शिकवून येत नाही!" कुणीतरी मोबाइलवर शूट केलं. मी थँक्यू म्हणाले. सांगायलाही लाज वाटते.

त्यानंतर अण्णा हलेचनात. भांडी घासताना बेसिनपाशी माझे खांदे आपोआप पडायचे. ट्रेनच्या काचेत बघावं तर कुणीतरी वाकलेलं. लेक म्हणाली, "आई, व्हाय आर यू स्टँडिंग लाइक दॅट?" तिला काय सांगू?

मी स्क्रिप्ट काढलं. तो सीन. माझंच भाषांतर: 'खाटीक ताठ उभा राहतो. मान खाली घालत नाही.' लिहिणाऱ्या कोरियन बाईने त्याला ताठ ठेवला होता. वाकवला आम्ही. आणि कसं वाकायचं ते दाखवलं मी. थू माझ्यावर!

पुढच्या शनिवारी दादा म्हणाला, "चल, परत एकदा दाखव त्याला."

मी उभी राहिले. चपला पायातच. ताठ.

"अगं, वाक ना."

"ताठ लिहिलंय."

"तो कोण आहे, ते ऑडियन्सला कळायला नको?"

"वाकल्याशिवाय आम्ही ओळखू येत नाही का तुला?"

दादाने हातातलं स्क्रिप्ट मिटलं.

"इतकं पर्सनल काय घेतेस यार?"

"पर्सनलच आहे. खाटीक वाकणार असेल, तर माझं भाषांतर वापरायचं नाही. आणि तो व्हिडिओ आत्ता, माझ्यासमोर डिलीट करायचा."

केला. नाटकाचं अजून ठरलेलं नाही. नाही झालं तर नाही.

अण्णा अजूनही येतात. बेसिनपाशी उभे राहतात, चपला पाठीमागे धरून. मी खांदे सरळ करते आणि मोठ्याने म्हणते, "तुमची पाठ मी परत कुणाला दाखवणार नाही, अण्णा. चपला घाला."